कमी ओळखीच्या द्राक्षाची परवडणारी रेड वाईन: कोल्हापुरात बाटली निवडण्यापासून दुसऱ्या खरेदीपर्यंत

शिराझ आणि कॅबर्ने या नेहमीच्या द्राक्षांच्या वाईनपलीकडचं काहीतरी चाखावं म्हणून माणूस हजारभर रुपयांची बाटली आणतो. मे महिन्यातल्या खोलीच्या तापमानालाच ती उघडतो, पहिला घोट तांबड्या रश्श्यासोबत घेतो आणि ठरवून टाकतो की या द्राक्षात काही दम नाही. द्राक्ष बिचारं बहुतेक वेळा निर्दोष असतं. बाटली दुकानात किती उन्हाळे उभी होती, ती किती गरम प्यायली आणि सोबत काय खाल्लं, यावरच निकाल लागून गेलेला असतो.

यात एक अडचण मुळातच आहे. कमी ओळखीचं द्राक्ष म्हणजे कमी खपणारी बाटली, आणि कमी खपणारी बाटली म्हणजे फळीवर रखडलेली बाटली. शिराझ महिन्याभरात हलते. सांजोव्हेसेसारख्या कमी ओळखीच्या द्राक्षाची बाटली तिथेच दीड-दोन वर्षं धूळ खाऊ शकते. त्यामुळे नवीन द्राक्ष शोधणाऱ्याने चवीइतकंच लक्ष साठवणीकडे द्यायला हवं. पुढचे टप्पे क्रमानेच करा. पाचवा गाळून नवव्यावर गेलात तर नवव्याचा निकाल धरू नका.

## १. आधी आपली आवड ठरवा, द्राक्ष नंतर

रेड वाईनमध्ये ठरवण्यासारख्या गोष्टी चार: आंबटपणा, तुरटपणा, अल्कोहोलची जळजळ आणि तोंडात जाणवणारं वजन. यातले पहिले दोन लोक सर्रास एकमेकांत मिसळतात. वाईन तुरट असली तरी ‘आंबट आहे’ म्हणतात आणि मग दुकानदार चुकीची बाटली काढून देतो.

हा घोळ घरीच दहा मिनिटांत सुटतो. कपभर पाण्यात दोन चमचे चहापूड घालून सहा-सात मिनिटं मुरवा, गाळा, गार करा, दूध-साखर नको. एक घोट तोंडात फिरवा. हिरड्या आणि गालांची आतली बाजू कोरडी, खरखरीत होते तो तुरटपणा, म्हणजे टॅनिन. मग ग्लासभर पाण्यात अर्धं लिंबू पिळून, साखर न घालता घोट घ्या. जिभेच्या कडांना पाणी सुटतं तो आंबटपणा. एक तोंड कोरडं करतो, दुसरा ओलं करतो.

आता विचार करा: कोरा चहा चालला की लिंबूपाणी? कोरा चहा सहन होत नसेल तर फार टॅनिनच्या वाईन यादीतून काढा. दोन्ही नको झालं तर तुम्हाला मऊ, फळांच्या चवीची, कमी तुरट वाईन हवी आहे. तसं स्पष्ट मान्य करा. त्यात कमीपणा काही नाही.

## २. पैशाची मर्यादा आखा

आयात वाईनवर सीमाशुल्क आणि उपकर मिळून वर्षानुवर्षे १५० टक्के बोजा राहिला आहे. ऑस्ट्रेलियाबरोबरचा करार डिसेंबर २०२२ पासून लागू झाला आणि तिकडच्या ठरावीक किमतीवरच्या बाटल्यांवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने उतरू लागलं, पण सर्वांत स्वस्त बाटल्यांना त्याचा लाभ नाही. हिशेब सोपा आहे. ३०० रुपयांना बंदरात उतरलेली बाटली १५० टक्के बोजाने ७५० ची होते. त्यावर राज्याचे कर, वितरक, दुकानदार. म्हणजे दीड हजाराच्या आयात बाटलीत वाईनचे असे पैसे थोडेच असतात.

म्हणून १,२०० रुपयांच्या आत राहायचं असेल तर आधी महाराष्ट्रात बनलेल्या बाटल्या बघा. आयातीकडे वळायचं ते १,५०० च्या पुढे, आणि तेही एखादं द्राक्ष इथे मिळतच नसेल तर.

बजेट एका बाटलीचं धरू नका, दोनचं धरा. नवीन द्राक्षाची एक, आणि तुलनेसाठी तुमच्या रोजच्या ओळखीची एक साधी शिराझ किंवा कॅबर्ने. चौघांनी वर्गणी काढली तर हा खर्च अंगावर येत नाही. काही वाईन ३७५ मिलीच्या अर्ध्या बाटलीत मिळतात. तुलनेची बाटली अर्धी घेतली तरी भागतं.

सावध: अगदी तळाच्या किमतीला ‘रेड’ किंवा ‘पोर्ट’ म्हणून मिळणाऱ्या बहुतेक बाटल्या गोड असतात आणि त्यावर द्राक्षाचं नाव नसतं. त्या पिऊन कुठल्याही द्राक्षाबद्दल काही कळत नाही.

## ३. चार नावांची यादी करा

चारच. दहा नावं घेऊन दुकानात गेलात तर अकरावी बाटली घेऊन बाहेर याल.

सांजोव्हेसे. इटलीतल्या टस्कनीचं द्राक्ष. तिथल्या किआन्ती वाईनचा मुख्य आधार हेच. आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला फ्रातेल्ली ही वाइनरी (वाईन बनवणारी कंपनी) हे लावते, त्यामुळे आपल्या भागात शोधायला सर्वांत सोयीचं. आंबटपणा भरपूर, तुरटपणा मध्यम ते जास्त, वास आंबट चेरी आणि सुकवलेल्या टोमॅटोकडे झुकणारा. रंग शिराझपेक्षा फिका असतो. फिका रंग पाहून ‘पाणी घातलंय’ म्हणू नका. या द्राक्षाचा रंगच तसा. एकट्या सांजोव्हेसेची बाटली मिळाली तर तीच घ्या. कॅबर्नेबरोबर मिसळलेल्या बाटलीत कॅबर्ने पुढे बोलतं.

टेम्प्रानियो. स्पेनच्या रिओहा भागाचं. आंबटपणा बेताचा, तुरटपणा मध्यम, त्यामुळे पहिल्याच वेळी पटण्याची शक्यता जास्त. स्पॅनिश बाटलीवर ‘होवेन’ असेल तर लाकडी पिंपात फार न ठेवलेली, ताज्या फळाची वाईन. ‘क्रियान्सा’ असेल तर किमान दोन वर्षं मुरवलेली, त्यातला काही काळ पिंपात. द्राक्ष ओळखायचं असेल तर होवेन बरी. अमेरिकन ओकच्या पिंपाचा व्हॅनिला-खोबऱ्यासारखा वास बऱ्याचदा द्राक्षाच्या नावावर जमा होतो.

झिनफँडेल. इटलीत हेच प्रिमितिव्हो. नाशिकच्या सुला वाइनरीने हे द्राक्ष आपल्याकडे आणलं. एकाच घडात काही मणी हिरवे तर काही बेदाण्यासारखे सुकलेले, असं ते पिकतं. सगळा घड पिकेपर्यंत थांबलं की साखर वाढते आणि अल्कोहोल चढतं. जॅमसारखी चव, तुरटपणा कमी. टक्केवारी मात्र वाचूनच घ्या.

नेरो दाव्होला. सिसिलीचं, उष्णता सोसणारं द्राक्ष. नाशिक जिल्ह्यात रेव्हेलो वाइनरी हे लावते. काळ्या आलुबुखारचा वास, मध्यम आंबटपणा. दुकानात सहज दिसणार नाही, मागवावी लागेल.

राखीव म्हणून माल्बेक ठेवा: गडद जांभळी, मऊ. अर्जेंटिनाच्या मेंदोसाची सर्वांत प्रसिद्ध. नाशिकच्या व्हॅलोने वाइनरीनेही बनवली आहे. आयातीत बार्बेरा दिसली तर थांबून बघा. भरपूर आंबट पण तुरटपणा अगदी कमी असा तिचा दुर्मीळ मेळ आपल्या जेवणाला जमतो. चिलीच्या कार्मेनेरला हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो, तो दोष नव्हे.

लेबलवर फसवणारी काही नावं आधीच माहीत असू द्या. गार्नाचा आणि ग्रेनाश एकच. मोनास्ट्रेल आणि मूर्व्हेद्र एकच. ‘मोन्तेपुल्चानो द’अब्रुत्सो’ यात मोन्तेपुल्चानो हे द्राक्ष आहे; ‘व्हिनो नोबिले दी मोन्तेपुल्चानो’ यात ते गाव आहे आणि आतलं मुख्य द्राक्ष सांजोव्हेसे. युरोपीय संघाच्या नियमात लेबलवर एकाच द्राक्षाचं नाव असेल तर किमान ८५ टक्के तेच असावं लागतं, अमेरिकेत बहुतांशी ७५. उरलेल्यात दुसरं काही असू शकतं.

आणि तासगावचं थॉमसन खाऊन वाईनच्या द्राक्षाची कल्पना करू नका. वाईनचा मणी बारीक, जाड सालीचा आणि बियांचा असतो. रंग आणि तुरटपणा मुख्यतः त्या सालीतूनच येतो.

## ४. दुकानात नेमकं काय विचाराल

बिअर शॉपीतही वाईन मिळते, पण तिथे बहुधा दोन-तीन खपाऊ नावंच असतात आणि फ्रीजमधली जागा बिअरला जाते. राजारामपुरी, शाहूपुरी, ताराबाई पार्क या भागांतल्या मोठ्या वाईन शॉपला आधी फोन करा. दुपारी दोन ते पाच ही वेळ बरी. संध्याकाळी सातनंतर काउंटरवर गर्दी असताना कोणी तुमच्यासाठी मागची फळी उपसणार नाही.

‘चांगली रेड कुठली?’ हा प्रश्न विचारू नका. उत्तरात जास्त खपणारी किंवा गोड बाटली येते, आणि त्यात दुकानदाराची चूकही नाही. बहुतेक गिऱ्हाइकांना तीच हवी असते. असं विचारा: “दादा, ड्राय रेड पाहिजे, गोड नको. सांजोव्हेसे किंवा टेम्प्रानियो आहे का? बाराशेच्या आत. शेवटचा माल कधी आला होता?”

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ‘आहे, पण बरेच दिवस झाले’ असं उत्तर आलं तर पुढचं विचारा: “वितरकाकडून नवीन मागवता येईल का?” एका बाटलीसाठी दुकानदार सहसा हलत नाही. तिघं-चौघं मिळून सहा बाटल्यांची खात्री दिली की तोच माणूस वितरकाला फोन लावतो. ऑर्डर देताना वाईनचं नाव, द्राक्ष आणि किमान कुठलं साल चालेल, हे तिन्ही मराठीत कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं ‘सांजोव्हेसे’ वितरकापर्यंत पोचेपर्यंत ‘सॉव्हिन्याँ’ होतं आणि पांढरी वाईन येते.

सावध: गोव्यात तीच बाटली स्वस्त दिसली म्हणून आंबोली किंवा फोंडा घाटाने गाडीत टाकून आणू नका. परवान्याशिवाय परराज्यातली दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, आणि एप्रिल-मेमध्ये तापलेल्या डिकीत चार-पाच तास काढलेली वाईन तशीही तपासायच्या लायकीची राहत नाही. इथे खरेदी करतानाही पिण्याचा परवाना लागतो. नसेल तर एका दिवसाचा दुकानातच मिळतो. आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी, २ ऑक्टोबर असे ड्राय डे पाहूनच बेत ठरवा.

## ५. बाटली हातात घेऊन तपासा

जाळीच्या काउंटरपलीकडून पिशवीत घालून दिलेली बाटली तशीच घेऊन निघायचं नाही. “जरा बघून घेतो” म्हणा आणि या क्रमाने बघा.

साल. पुढच्या लेबलवरचं साल द्राक्ष तोडणीचं. आपल्याकडे वाईनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्च या काळात तोडतात, युरोपात बहुतेक सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. म्हणजे एकच साल लिहिलेली भारतीय वाईन युरोपीय वाईनपेक्षा सात-आठ महिने मोठी. बाराशेच्या आतल्या भारतीय रेडसाठी तोडणीपासून तीन, फार तर चार वर्षं ही मर्यादा धरा. ‘जितकी जुनी तितकी चांगली’ हे या किमतीच्या वाईनला लागू नाही. त्या लवकर पिण्यासाठीच बनवतात.

बाटलीबंद केल्याची तारीख. मागच्या लेबलवर किंवा काचेवर छापलेली असते. साल दिलेलं नसेल तर निदान ही बघा.

अल्कोहोल. १२.५ ते १३.५ टक्के असेल तर तिखट जेवणाशी जमण्याची आशा. १४ च्या पुढे असेल तर ती बाटली जेवणाआधी किंवा बेताच्या मसाल्याबरोबर.

पातळी. बाटली उभी धरून बूच आणि वाईनमधली मोकळी जागा बघा. शेजारच्या त्याच वाईनच्या बाटलीशी ताडून पाहा. एकीत वाईन स्पष्ट कमी असेल तर ती ठेवून द्या.

तोंड. आवरणाखाली चिकटपणा, सुकलेला लाल ओघळ किंवा वर आलेलं, फुगल्यासारखं बूच दिसलं तर बाटली तापलेली आहे. उष्णतेने वाईन फुगते आणि बूच ढकलते. पिळाचं झाकण असेल तर ते वाकलेलं किंवा आधीच सैल नाही ना, एवढं बघा.

ठेवलेली जागा. ही नजर दुकानावर टाकायची. समोरच्या काचेत, बल्बखाली, फ्रीजच्या मागे गरम हवा सुटते तिथे किंवा पत्र्याच्या छताला लागलेल्या वरच्या फळीवर ठेवलेली बाटली घेऊ नका, मग सवलत कितीही असो. आतली, खालची, अंधारातली मागा.

पिळाचं झाकण पाहून नाक मुरडू नका. महिनोनमहिने उभ्या राहिलेल्या बाटलीत बूच सुकतं आणि हवा आत शिरते. पिळाच्या झाकणाला ती भीती नाही. रखडणाऱ्या मालासाठी आमचं मत झाकणाच्याच बाजूने.

तपासा: पावती घेतली का? एमआरपीपेक्षा जास्त लावलं नाही ना? पावती असेल तर दोष निघाल्यावर दुकानदाराशी निदान बोलता येतं.

## ६. घरी कुठे ठेवाल

चोवीस तास तरी बाटली स्थिर राहू द्या. फ्रीजवर नको (मोटरची उष्णता आणि थरथर), स्वयंपाकघरातल्या माळ्यावर नको, पश्चिमेच्या भिंतीलगत नको. आतल्या खोलीतल्या कपाटाचा तळाचा कप्पा चालतो. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या जाड भिंतींच्या घरात जमिनीलगतचा कोनाडा उत्तम. मार्च ते जून मात्र यातलं काहीही पंधरा दिवसांपेक्षा जास्त भरवशाचं नाही. तेव्हा फ्रीजमधल्या भाजीच्या ट्रेमध्ये आडवी ठेवा.

## ७. थंड करणं: सर्वांत जास्त चुकणारा टप्पा

रेड वाईन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी हे वाक्य थंड देशातल्या खोल्यांसाठी आहे. आपल्याला हवेत १५ ते १८ अंश. कोल्हापुरात एप्रिलमध्ये संध्याकाळी खोली ३० च्या आसपास असते. त्या तापमानाला अल्कोहोल नाकात घुसतं, फळाचा वास दबतो आणि सगळ्या रेड एकसारख्या, उकडलेल्या लागतात.

‘अर्धा तास फ्रीजमध्ये’ हा सल्ला इथे अपुरा पडतो. ३० अंशांवरची बाटली साध्या फ्रीजमध्ये १७ च्या जवळ यायला दीड ते पावणेदोन तास लागतात. घाई असेल तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी घाला आणि बाटली मानेपर्यंत बुडवा. दहा-बारा मिनिटांत काम होतं. नुसता बर्फ नको. त्याचा काचेला ठिकठिकाणीच स्पर्श होतो, मधल्या फटींत हवा राहते. फ्रीझरमध्ये ठेवून विसरलात तर बूच बाहेर येतं किंवा काच तडकते, म्हणून तो मार्ग सोडाच.

बाटली जास्त थंड झाली तर घाबरू नका, ग्लासात पाच-दहा मिनिटांत वर येते. गरम झालेली मात्र टेबलावर आपोआप खाली येत नाही. शंका असेल तर थंडीच्या बाजूला चुका. थंडीने तुरटपणा जास्त टोचतो, म्हणून सांजोव्हेसे १७ च्या आसपास; कमी तुरट बार्बेरा, ग्रेनाश १४-१५ लाही छान.

तपासा: स्वयंपाकघरातला ४००-५०० रुपयांचा डिजिटल थर्मामीटर ग्लासात बुडवून बघा. हाताला ‘गार’ लागणं हा पुरावा नव्हे.

## ८. उघडा आणि आधी दोष शोधा

ग्लास काचेचा, तळाला फुगीर आणि वर निमुळता हवा. स्टीलचा पेला किंवा व्हिस्कीचा जाड ग्लास नको. भांड्यांच्या साबणाचा वास राहिला असेल तर नुसत्या पाण्याने पुन्हा विसळा. खोलीत उदबत्ती, धूप, फिनेल, अत्तर यांपैकी काही नको. देवघर शेजारी असेल तर चाखणं संध्याकाळच्या दिवाबत्तीआधी उरका. ग्लास एक तृतीयांशच भरा.

पहिल्या ५० मिलीत फक्त दोष बघायचा, आवड-नावड नाही.

ओल्या गोणपाटाचा, कुबट पुठ्ठ्याचा वास आणि फळ गायब: बूच खराब. हवा देऊन सुधारत नाही. नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा किंवा व्हिनेगरचा झणका: वाईन आंबायला लागली. कडेला तपकिरी रंग आणि कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास: हवा लागली. शिजवलेल्या मनुकांचा वास, चव सपाट: बाटली तापली. कोल्हापुरात हा शेवटचा दोष सर्वांत जास्त भेटतो, आणि झिनफँडेलमध्ये तो द्राक्षाच्या मूळ जॅमी चवीत लपतो. ओळखायची खूण एकच: ताज्या झिनफँडेलमध्ये गोडसर वासामागे आंबटपणा जिवंत असतो, तापलेलीत तो मेलेला.

विझवलेल्या काडीचा किंवा किंचित अंड्याचा वास आला तर वाईन टाकू नका. पिळाच्या झाकणाच्या बाटल्यांत तो कधीकधी येतो. भांड्यात ओतून वीस-तीस मिनिटं ठेवा, बहुतेकदा जातो. तळाशी चमकणारे खडे हे टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक, निरुपद्रवी.

दोष निघाला तर चाचणी तिथेच थांबवा. द्राक्षाबद्दल मत बनवू नका. नोंदीच्या वहीत फक्त ‘बाटली खराब’ लिहा.

## ९. जेवणाआधी, झाकून, शेजारी शेजारी

दोन्ही बाटल्या एकाच तापमानाला आणा. घरातल्या एकाने त्या वर्तमानपत्रात गुंडाळून एक आणि दोन असे आकडे टाकावेत. चाखणाऱ्यांनी नावं पाहू नयेत. चौघांना प्रत्येकी ५० मिली दोन्हींची, म्हणजे एकेका बाटलीतले फक्त २०० मिली जातात. उरलेलं जेवणाला.

सोबत साधं पाणी आणि बिनमसाल्याचा पाव. खारे शेंगदाणे, फरसाण, चिवडा या वेळी नको: मिठाने तुरटपणा मऊ भासतो आणि मिरची जीभ बधिर करते. चाखण्याआधी तासभर चहा, पान, तंबाखूही नको.

आता पहिल्या टप्प्यातले चार गुण शून्य ते पाच अशा अंकांत लिहा. घोट तोंडात पाच सेकंद फिरवा, गिळा किंवा थुंका, मग चव किती वेळ टिकते ते मोजा. दहा सेकंदांच्या पुढे टिकली तर या किमतीत ती चांगली बाटली. वासाचं वर्णन जमत नसेल तर सोडा. जांभूळ, करवंद, आमसूल, भिजलेली माती, वेलदोडा, जे आठवेल ते लिहा. विदेशी बेरींची नावं पाठ करून लिहिलेली नोंद सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही.

वीस मिनिटांनी पुन्हा चाखा. सांजोव्हेसे बऱ्याचदा पहिल्या मिनिटाला बंद, कडक वाटते आणि नंतर उघडते.

सावध: १३ टक्क्यांच्या १५० मिली ग्लासात साडेएकोणीस मिली शुद्ध अल्कोहोल असतं, ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिली पेगमध्ये तेरा मिलीच्या आत. म्हणजे वाईनचा एक ग्लास दीड लहान पेगच्या बरोबरीचा. ‘वाईनच आहे’ म्हणून गाडीची किल्ली उचलू नका.

## १०. मग जेवणासोबत

इथे एकच नियम कामाचा आहे: मिरचीची जळजळ अल्कोहोलने वाढते आणि तुरटपणाने टोकदार होते. कांदा-लसूण मसाल्याच्या झणझणीत तांबड्या रश्श्यासमोर १४.५ टक्क्यांची तुरट वाईन ठेवली तर तोंडात फक्त आग उरते. तांबड्यासोबत प्यायचीच असेल तर १३ टक्क्यांच्या आतली, कमी तुरट, १४ अंशांपर्यंत थंड केलेली. खरं तर तांबडा आणि वाईन वेगवेगळ्या दिवशी घ्या, असंच आम्ही सांगू.

पांढरा रस्सा मात्र रेडशी छान जमतो. सांजोव्हेसेचा आंबटपणा नारळाच्या दुधाच्या आणि काजू-खसखशीच्या स्निग्धपणाला कापतो, म्हणून दोघांचा तोल साधतो. सुक्या मटणाची चरबी आणि प्रथिनं टॅनिनला मऊ करतात. तिथे टेम्प्रानियो आणि माल्बेक. मसाला मात्र घरचा, हात आखडून घातलेला हवा. शाकाहारी ताटात भरलं वांगं (शेंगदाण्याच्या कुटाचं), मशरूम, पनीर भाजून. लिंबू पिळलेल्या कोशिंबिरीनंतर कमी आंबट वाईन सपाट वाटते, आणि पुरणपोळी किंवा बासुंदीनंतर कुठलीही ड्राय रेड आंबट-कडू लागते. गोड शेवटी, वाईन संपल्यावर.

जेवणासोबतचे अंक वेगळ्या रकान्यात लिहा. जेवणाआधी नापास झालेली वाईन ताटाशेजारी पास होते, आणि उलटही.

## ११. उरलेली वाईन

बूच लावून फ्रीजमध्ये उभी ठेवा. रेड असली तरी फ्रीजमध्येच. दोन ते तीन दिवस. जास्त टिकवायची तर उघडल्या उघडल्याच अर्धी वाईन स्वच्छ ३७५ मिली बाटलीत काठोकाठ भरून झाकण लावा. चार-पाच दिवस जातात. पिण्याआधी पुन्हा १७ अंशांवर येऊ द्या आणि दुसऱ्या दिवशीची चवही नोंदवा. दुसऱ्या दिवशी बरी लागलेली वाईन पुढच्या वेळी तासभर आधी उघडायची.

## १२. दुसरी बाटली

नोंद अशी असावी: द्राक्ष, गाव, साल, टक्केवारी, बाटलीबंद महिना, दुकान, किंमत, किती अंशांना प्यायली, चार अंक, ताटात काय होतं. यातलं तापमान आणि बाटलीबंद महिना लोक हमखास गाळतात, आणि नंतर दोन बाटल्यांतला फरक कशामुळे हे कळत नाही.

वाईन आवडली तर आठवड्याच्या आत त्याच दुकानातून त्याच बॅचची आणखी एक घ्या आणि एकदम पेटी घेण्याआधी ती उघडा. दुसरीही तशीच निघाली तरच सहा. पेटी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्यावी. वाहतुकीत आणि गोदामात तेव्हा उष्णता कमी असते. साल बदललं की नवव्या टप्प्यापासून पुन्हा.

नावडली तर आधी ठरवा की नावडलं काय. तुरटपणा आणि आंबटपणाचे अंक तुमच्या आवडीपेक्षा वर असतील तर द्राक्षच तुमचं नाही. यादीतलं पुढचं घ्या. अंक ठीक असून चव सपाट, शिजल्यासारखी असेल तर दुसऱ्या वाइनरीची, दुसऱ्या दुकानातली, ताज्या सालाची तीच जात एकदा मागवा. तीही तशीच लागली, तर मगच ते नाव खोडा.